विल्स आय हॉस्पिटल : एका दुर्मीळ आजाराची दीर्घ नोंद

फिलाडेल्फिया शहराला मृत्युपत्रांचा मोठा आधार आहे. बेंजामिन फ्रँकलिनने मरताना या शहराला पैसे ठेवले, स्टीफन गिरार्ड या धनाढ्य सावकाराने अनाथ मुलांच्या शाळेसाठी अफाट संपत्ती ठेवली, आणि त्याच सुमारास जेम्स विल्स नावाच्या एका क्वेकर व्यापाऱ्याने लाखाहून अधिक डॉलर शहराच्या हवाली केले. अट एवढीच होती की या पैशांतून गरीब आंधळ्या-पांगळ्यांसाठी रुग्णालय उभारावं. १८३२ साली संस्था स्थापन झाली आणि १८३४ मध्ये लोगन स्क्वेअरजवळ, अठराव्या रस्त्याच्या आणि रेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, थॉमस वॉल्टर या वास्तुविशारदाने आखलेल्या इमारतीत रुग्ण येऊ लागले. वॉल्टर पुढे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा घुमट बांधून प्रसिद्ध झाला. पैसा खासगी असला तरी कारभार शहराकडे होता. १८६९ पासून शहराच्या विश्वस्त मंडळाकडे गिरार्डची शाळा आणि विल्सचं रुग्णालय अशा दोन्ही जबाबदाऱ्या आल्या.

‘अमेरिकेतलं पहिलं नेत्र रुग्णालय’ असं विल्सबद्दल अभिमानाने सांगितलं जातं. न्यूयॉर्कचं रुग्णालय १८२० चं आणि बोस्टनचं १८२४ चं. दोन्ही विल्सच्या आधीची, पण त्यांच्या नावात डोळ्याबरोबर कानही आहे. म्हणून फक्त डोळ्यांचं पहिलं आम्हीच, असा फिलाडेल्फियाचा युक्तिवाद. मूळ अटीतले पांगळे मात्र या हिशेबात धरायचे नाहीत! असं लिहिणं शिष्टाचाराला धरून नसेल, पण पहिलेपणाचा हा वाद सोडला तरी संस्थेचं मोठेपण उणावत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना रुग्णालयात ठेवून घेऊन शिकवण्याची, म्हणजे ज्याला आज आपण रेसिडेन्सी म्हणतो ती, पद्धत विल्सने १८३९ साली सुरू केली. सुरुवातीच्या शल्यचिकित्सकांपैकी आयझॅक हेज हे वैद्यकाच्या नियतकालिकाचे संपादक होते आणि १८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन उभी करण्यातही त्यांचा हात होता. पाहिलेलं लिहून ठेवायचं आणि लिहिलेलं छापायचं, ही सवय या रुग्णालयाला तेव्हापासूनची आहे. पुढची सगळी कहाणी या सवयीवरच उभी आहे.

मधल्या शतकाकडे मी भराभर पाहणार आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, तेव्हा विल्सला पन्नास वर्षं उलटून गेली होती. शहरातलं वैद्यकीय शिक्षण तोवर चांगलंच जुनं झालेलं होतं, आणि आपल्या पहिल्या डॉक्टर बाईंना ते इथेच मिळालं, एवढाच हा उल्लेख. १९३२ मध्ये रुग्णालय स्प्रिंग गार्डन स्ट्रीटवर गेलं. तिथे १९५२ साली वॉरन रीझ यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. अमेरिकेतली ती पहिली शस्त्रक्रिया. १९७२ मध्ये जेफरसन विद्यापीठाशी नातं जुळलं, १९८० मध्ये वॉलनट स्ट्रीट आणि नववा रस्ता यांच्या कोपऱ्यावरची इमारत आली, आणि २००२ पासून वॉलनट स्ट्रीटवरच ८४० क्रमांकाचा पत्ता.

या लेखाचा विषय त्या इमारतीतला एक विभाग आहे. डोळ्याच्या कर्करोगाचा.

डोळ्याचा कर्करोग म्हणजे एक आजार नव्हे. पापणीचे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे, खोबणीतले असे त्याचे अनेक प्रकार आहेत. पण डॉक्टरांची झोप उडवणारे दोन. पहिला रेटिनोब्लास्टोमा. तो लहान मुलांच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, होतो. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला. बाळाच्या बाहुलीत काळ्याऐवजी पांढरट चमक दिसते, आणि बहुतेक वेळा ती आधी आईच्या लक्षात येते. दुसरा मेलानोमा. तो पडद्याच्या मागच्या रंगीत थरात, प्रामुख्याने प्रौढांना आणि त्यातही गोऱ्या वर्णाच्या, फिक्या डोळ्यांच्या लोकांना होतो. अमेरिकेत दर दहा लाखांमागे वर्षाला पाच-सहा जणांना. भारतीयांमध्ये तो विरळाच, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक नेत्रतज्ज्ञांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो.

दोन्हींवरचा उपाय शतकाहून अधिक काळ एकच होता. एडिंबराच्या जेम्स वॉर्ड्रॉपने १८०९ साली लहान मुलांच्या या गाठीचं वर्णन केलं आणि डोळा लवकर काढला तर मूल वाचेल असं सुचवलं. भूल देण्याचं औषध अजून जन्माला यायचं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या सल्ल्यातलं धैर्य आणि भयानकपण दोन्ही कळतं. प्रौढांच्या मेलानोमातही तेच. संशय आला की डोळा काढायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यात फारसा फरक पडला नव्हता.

मग १९६४ मध्ये एक आकडा समोर आला. ‘मेलानोमा’ म्हणून काढलेले ५२९ डोळे प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा त्यातल्या १०० डोळ्यांत मेलानोमा नव्हताच. कुठे रक्तस्राव होता, कुठे सुटलेला पडदा, कुठे निरुपद्रवी तीळ. म्हणजे पाचातला जवळजवळ एक डोळा विनाकारण गेला होता. आणि डोळा काढण्यापूर्वी खात्री करून घेण्याची सोयही नव्हती. शरीराच्या इतर भागांतल्या गाठीचा तुकडा काढून तपासतात तसा डोळ्याच्या आतला तुकडा काढायला कुणी धजत नसे. तपासणाऱ्याची नजर हेच काय ते साधन.

विल्समधला हा विभाग पुढे सुरू करणारे डॉ. जेरी शील्ड्स यांची नजर अशा चुका तपासतच तयार झाली. विल्समध्ये शिक्षण पूर्ण करून ते वॉशिंग्टनच्या लष्करी रोगनिदान संस्थेत लॉरेन्झ झिमरमन यांच्या हाताखाली गेले. झिमरमन नेत्ररोगनिदानातले त्या काळचे सर्वांत मोठे गुरू. देशभरातून काढलेले डोळे काचपट्ट्यांवर त्यांच्याकडे यायचे. मेलानोमासारखं दिसणारं पण मेलानोमा नसलेलं काय काय असतं, यावर गुरु-शिष्यांनी मिळून १९७३ मध्ये लिहिलं. पुढल्याच वर्षी, १९७४ साली, शील्ड्सनी विल्समध्ये डोळ्यांच्या गाठींसाठी वेगळा विभाग सुरू केला. नेत्रवैद्यकात मोतीबिंदू हा मोठा प्रवाह. कर्करोगासाठी आख्खा विभाग काढणं हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं असल्यास नवल नाही. इतक्या दुर्मीळ आजारावर पोट भरेल एवढे रुग्ण येणार कुठून?

ते आले, आणि एकाच दारातून आले. दुर्मीळ आजारात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. पन्नास गावांतल्या पन्नास डॉक्टरांनी आयुष्यात दोन-दोन रुग्ण पाहिले तर शंभर रुग्ण होऊनही कुणालाच काही कळत नाही. तेच शंभर एका जागी आले, एकाच पद्धतीने तपासले गेले, त्यांच्या डोळ्यांची चित्रं, मापं आणि पुढची हकीगत एका नोंदीत राहिली, तर शंभराव्या रुग्णाला पहिल्या नव्याण्णवांचा उपयोग होतो. विभागाने १९८० मध्ये ओळीने ४०० रुग्णांचा आढावा छापला. मेलानोमाच्या संशयाने पाठवलेले, पण प्रत्यक्षात दुसरंच काही निघालेले हे रुग्ण. निवडक यशोगाथा नाहीत; येतील ते सगळे, आल्या क्रमाने. विल्सच्या शोधनिबंधांमध्ये हा आग्रह पुढली चार दशकं दिसतो. १९९० मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात मेलानोमा म्हणून काढलेले ४१३ डोळे तपासले, तेव्हा निदान चुकलेले फक्त दोन निघाले. श्रेय एकट्या विल्सचं नाही, ध्वनिलहरींच्या तपासणीचं आणि अनेक केंद्रांचं आहे. पण नजर तयार करण्यात या विभागाचा वाटा मोठा होता.

आता प्रश्न असा की मेलानोमा आहे हे नक्की झाल्यावरही डोळा काढायचा का? याबद्दल १९७८ मध्ये खुद्द झिमरमन यांनी खळबळ उडवून दिली. रुग्णांच्या मृत्यूंचा हिशेब मांडून त्यांनी विचारलं की डोळा काढतानाच दाब पडून गाठीतल्या पेशी रक्तात तर जात नाहीत ना? म्हणजे जो उपाय म्हणून करतो तोच घातक तर नाही? गुरूच्या या शंकेने नेत्रवैद्यकात मोठा वाद झाला. त्या काळात विल्समध्ये दुसरा मार्ग चालू झालेला होता. लंडनच्या स्टॅलर्ड यांनी रुजवलेली पद्धत घेऊन शील्ड्स आणि हानेमन रुग्णालयातले किरणोपचारतज्ज्ञ ल्यूथर ब्रेडी हे मेलानोमाच्या रुग्णांच्या डोळ्यावर किरणोत्सारी चकती शिवत होते. सुरुवातीला कोबाल्टची, पुढे आयोडीनची. नाण्याएवढी, एका बाजूने सोन्याने मढवलेली ही चकती गाठीच्या नेमकी मागे, डोळ्याच्या बाहेरच्या कवचावर शिवतात, चार-पाच दिवस ठेवतात आणि काढून घेतात. शेक गाठीला बसतो, सोन्यामुळे मागच्या भागाला कमी. डोळा जागेवर राहतो. दृष्टी राहीलच असं नाही, आणि ते रुग्णाला आधी सांगावं लागतं.

वादाचा निकाल मात्र कुणा एका केंद्राच्या अनुभवावर लागू शकत नव्हता. १९८७ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत वाटले. एकाचा डोळा काढायचा, दुसऱ्याला चकती. १,३१७ रुग्ण, मध्यम आकाराच्या गाठी. २००१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ८१ टक्के जिवंत होते आणि दुसऱ्यातले ८२ टक्के. डोळा काढून आयुष्य वाढत नाही, आणि कमीही होत नाही. झिमरमन यांची भीती खरी ठरली नाही, पण डोळा काढलाच पाहिजे हा जुना हट्टही संपला.

यात एक कडू गोष्ट होती. उपाय कोणताही करा, ठराविक रुग्ण पुढे यकृतात पसरलेल्या आजाराने जातातच. म्हणजे पेशी निदानाच्या आधीच, गाठ लहान असतानाच, सुटलेल्या असतात. मग गाठ आणखी लहान असताना ओळखता येईल का? विभागाच्या कामाला इथून वळण मिळालं आणि या वळणावर डॉ. कॅरल शील्ड्स आहेत.

कॅरल विल्समध्ये शिकायला आल्या त्या नोत्र दाम विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचं कप्तानपद भूषवून. जेरींशी त्यांचं लग्न झालं, सात मुलं झाली, आणि दोघांनी मिळून विभाग चालवला. नवरा-बायकोने एकत्र दवाखाना चालवणं आपल्याकडे नवीन नाही. पण दोघांनी मिळून एका आजाराचं शास्त्र लिहिणं, पुस्तकंच्या पुस्तकं, ही जोडी वेगळीच. कॅरल यांचा सर्वांत उपयोगी पडलेला अभ्यास डोळ्यातल्या तिळांचा आहे. डोळ्याच्या आतल्या थरात तीळ असणं गोऱ्या लोकांत सर्रास आढळतं, आणि त्यातला क्वचितच एखादा मेलानोमा होतो. तो कुठला? १९९५ मध्ये १,३२९ आणि २००९ मध्ये २,५१४ डोळ्यांच्या नोंदींवरून त्यांनी खुणा काढल्या. जाडी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त. खाली पाणी साचलेलं. रुग्णाला चमक किंवा धूसरपणा जाणवणं. वर नारिंगी डाग. आणि कडा दृष्टिचेतेच्या मुळापासून तीन मिलिमीटरच्या आत. यांची आद्याक्षरं जुळवून इंग्रजीत एक सोपं स्मरणसूत्र केलं आणि जगभरचे नेत्रतज्ज्ञ ते पाठ म्हणू लागले. खेड्यातल्या डॉक्टरलाही एवढ्या पाच गोष्टी पाहून रुग्ण पाठवायचा की सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचा ते ठरवता येतं. विल्सच्या कामात मला हे सगळ्यात मोठं वाटतं, पुढे येणाऱ्या जनुकांच्या कामापेक्षाही.

त्याच २००९ साली दुसरा निबंध आला, ८,०३३ डोळ्यांचा. गाठीची जाडी मिलिमीटरने वाढते तसा आजार पसरण्याचा धोका किती वाढतो, याचा हा हिशेब. लहान गाठींत दहा वर्षांत १२ टक्के, मध्यम गाठींत २६, मोठ्या गाठींत ४९. इतक्या दुर्मीळ आजाराचे आठ हजार डोळे एका केंद्राच्या नोंदीत असणं, ही १९७४ सालच्या त्या चमत्कारिक विभागाची कमाई.

लहान मुलांच्या बाजूला गोष्ट वेगळ्या अंगाने गेली. रेटिनोब्लास्टोमाला किरणोपचार चांगला लागू पडतो, म्हणून डोळा वाचवायला बाहेरून शेक देण्याची पद्धत अनेक वर्षं होती. पण ज्या मुलांना हा आजार जन्मजात दोषातून आलेला असतो, त्यांना शेक दिलेल्या भागात मोठेपणी हाडांचे, स्नायूंचे दुसरे कर्करोग होतात, हे हळूहळू कळलं. चेहऱ्याची वाढ खुंटायची ती वेगळीच. १९९० च्या दशकात विल्सने फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या अॅना मेडोज यांच्याबरोबर शिरेतून केमो देऊन आधी गाठी लहान करायच्या आणि उरलेल्या लेसरने वा गोठवून संपवायच्या, हा मार्ग अवलंबला. लॉस एंजेलिस, टोरंटो आणि लंडन इथेही त्याच काळात तेच चाललं होतं. एका कल्पनेचे चार बाप, असं म्हणायला हरकत नाही. पुढची पायरी मात्र विल्सची नाही आणि तसं सांगायला हवं. केमो सगळ्या शरीराला देण्यापेक्षा थेट डोळ्याच्या धमनीजवळ सोडण्याची सुरुवात टोकियोच्या कानेको यांनी केली. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एब्रमसन आणि गोबां यांनी नळी जांघेतून नेऊन थेट त्या बारीक धमनीत घातली. विल्सने ती पद्धत २००८ पासून घेतली, जेफरसनमधले मज्जाशल्यतज्ज्ञ पास्कल जाबूर यांच्या हातांनी. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या मांडीतून डोळ्यापर्यंत नळी नेणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. डोळ्याच्या आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या गाठीच्या कणांवर सुईने औषध सोडण्याची सुरक्षित पद्धत लोझानच्या फ्रान्सिस मुनिए यांनी २०१२ च्या सुमारास घालून दिली. विल्सने तीही घेतली. दुसऱ्याचं चांगलं निर्धास्तपणे उचलायचं आणि मग त्याचाही हिशेब ठेवायचा, हा या संस्थेचा स्वभाव मला आवडतो.

रेटिनोब्लास्टोमाचं नाव मात्र नेत्रवैद्यकाच्या बाहेर गाजलं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्याचा फिलाडेल्फियाशीही संबंध आहे. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ह्यूस्टनमध्ये असताना ४८ मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांना आजार लवकर होतो, एका डोळ्यात असलेल्यांना उशिरा. आणि वयाचा आलेख काढला तर दोन्हींचं गणित वेगळं. त्यांनी अंदाज बांधला की गाठ व्हायला दोन घाव लागतात. वारशाने आजार आलेल्या मुलांच्या प्रत्येक पेशीत पहिला घाव जन्मापासूनच असतो, म्हणून दुसरा पुरतो. बाकीच्यांच्या एकाच पेशीत दोन्ही घाव घडावे लागतात. सूक्ष्मदर्शक नाही, रसायनं नाहीत. कागद, पेन्सिल आणि रुग्णालयाच्या जुन्या नोंदी. नुडसन १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात आले ते कायमचे. बोस्टनमध्ये थॅडियस ड्रायजा, स्टीफन फ्रेंड आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी १९८६ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हातात घेतलं. आरबी-१ हे कर्करोगाला लगाम घालणारं माणसाचं पहिलं सापडलेलं जनुक. आज स्तनाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावर बोलतानाही दोन घावांची भाषा चालते. ती बाळाच्या डोळ्यातून आली.

मेलानोमात जनुकांचं वेड थोडं उशिरा शिरलं. जर्मनीतल्या एसेन इथल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की ज्या गाठीत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली असते, ते रुग्ण दगावण्याचं प्रमाण फार जास्त. पण हे पाहायला काढलेला डोळा हाती असावा लागे, आणि विल्समध्ये तर डोळे काढणं कमी झालेलं! म्हणून मग सुई. चकती शिवतानाच, भूल दिलेली असतानाच, एक अत्यंत बारीक सुई गाठीत घालून मूठभर पेशी ओढून घ्यायच्या आणि शहरातच, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकनिदान प्रयोगशाळेत डॉ. अरूपा गांगुली यांच्याकडे पाठवायच्या. २००७ मध्ये अशा ओळीने १४० रुग्णांचा अनुभव छापला गेला, २०११ मध्ये ५०० चा. तीन वर्षांत आजार पसरण्याचा धोका तिसरं गुणसूत्र शाबूत असलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण प्रत गमावलेल्यांत २४ टक्के. २०१७ पर्यंत आकडा १,०५९ वर गेला. तिसऱ्याबरोबर सहावं आणि आठवं गुणसूत्र जोडून प्रत्येक रुग्णाला त्याच्या-त्याच्या धोक्याचा अंदाज सांगता येऊ लागला. मूळ शोध एसेनचा. २०१० मध्ये सेंट लुईसच्या विल्यम हार्बर यांनी बीएपी-१ या जनुकातला बिघाड शोधला. पसरणाऱ्या ३१ गाठींपैकी २६ मध्ये तो होता. विल्सने जे दिलं ते पुन्हा आकड्यांचं बळ.

पण सांगून करायचं काय? हा प्रश्न मी या विभागाबद्दल वाचताना अनेकदा अडखळलो तिथला आहे. डोळा वाचला, गाठ जळाली, आणि महिन्याभराने कागद येतो की तुमचं तिसरं गुणसूत्र हरवलेलं आहे. यकृतात अजून काही नाही. असेल तर त्यावर खात्रीचं औषध नाही. कितीतरी वर्षं हीच परिस्थिती होती. तरी बहुसंख्य रुग्ण हे जाणून घ्यायचंच म्हणतात. काहींना आयुष्याचं नियोजन करायचं असतं, काहींना नुसतं अंधारात राहवत नाही. ज्यांचा कागद चांगला येतो त्यांना सहा-सहा महिन्यांच्या धास्तीतून थोडी सुटका मिळते, हाही लहान लाभ नाही. आणि डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर, धोका कुणाला जास्त हे कळल्याशिवाय नवीन औषधाची चाचणी कुणावर करायची हे ठरवता येत नाही.

ही दुसरी बाजू जेफरसनच्या ताकामी सातो यांनी लावून धरली. डोळ्यातून यकृतात पसरलेल्या मेलानोमासाठीच त्यांनी कार्यक्रम उभा केला. यकृताच्या धमनीत औषध आणि रक्त अडवणारे कण एकत्र सोडून गाठीची रसद तोडायची, आणि त्याच वेळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवायचं, असे त्यांचे प्रयोग होते. त्यांनी आयुष्यं वाढवली, बरं केलं असं म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये टेबेंटाफस्प या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. जेफरसनही तीत सहभागी होतं. औषध घेतलेल्यांपैकी ७३ टक्के वर्षभराने जिवंत होते, दुसरे उपचार घेतलेल्यांपैकी ५९ टक्के. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. डोळ्याच्या पसरलेल्या मेलानोमात आयुष्य वाढवल्याचं मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं हे पहिलं औषध. तेही ठराविक ऊतकगटाच्या रुग्णांनाच लागू. गोऱ्यांमध्ये साधारण निम्म्यांना. पन्नास वर्षांच्या मोजणीनंतर दार किलकिलं झालं आहे, इतकंच.

जगात अशी केंद्रं आणखी आहेत. लंडन, लिव्हरपूल, पॅरिस, लोझान, एसेन, न्यूयॉर्क, मायामी. भारतात हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान यात अग्रभागी आहे, आणि त्याची एक मुळी फिलाडेल्फियात आहे. डॉ. संतोष होनावर विल्समध्ये शील्ड्स दांपत्याकडे शिकले आणि त्यांनी हैदराबादला डोळ्यांच्या कर्करोगाचा विभाग उभा केला; पुढे तिथली धुरा सांभाळणाऱ्या डॉ. स्वाती कालिकी यांनीही विल्समध्येच प्रशिक्षण घेतलं. चित्र मात्र तिथे उलटं आहे. फिलाडेल्फियाला मेलानोमाचा ओघ जास्त, हैदराबादला रेटिनोब्लास्टोमाचा. आपल्याकडे मुलं जास्त जन्मतात म्हणून रुग्ण जास्त, आणि ते येतात उशिरा. २०२० मध्ये १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदान साधारण चौदा महिन्यांच्या वयात होतं, सर्वांत गरीब देशांत साडेतीस महिन्यांच्या. श्रीमंत देशांत येताना आजार पसरलेला असण्याचं प्रमाण ०.३ टक्का, गरीब देशांत १८.९ टक्के. ही तफावत कोणतंही जनुक समजावून सांगू शकत नाही. पांढरी चमक आईने पाहिली, पण ‘मोठा झाला की जाईल’ असं घरात कुणीतरी म्हणालं. किंवा गावातून शहरात जायला पैसे नव्हते. किंवा डोळा काढावा लागेल हे ऐकून बाप मुलाला उचलून घरी घेऊन गेला. होनावर, कालिकी आणि त्यांच्या पिढीतल्या डॉक्टरांना विल्समध्ये शिकलेलं जे शास्त्र इथे आणावं लागलं, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग समजावण्याचा होता.

जनुकांचा उपयोग कुठे होतो, तर पुढच्या बाळात. दोन्ही डोळ्यांना रेटिनोब्लास्टोमा होऊन वाचलेली मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांची लग्नं होताहेत. त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा जन्मजात दोष येण्याची शक्यता निम्मी असते. आई-बापांच्या रक्तात आरबी-१ मधला नेमका बिघाड एकदा सापडला की बाळाची चाचणी गरोदरपणात किंवा जन्मल्यावर लगेच करता येते. बिघाड नसेल तर भुलीखाली होणाऱ्या पुढच्या तपासण्यांचा त्रास त्या बाळाला नाही. असेल तर पहिल्या आठवड्यातच दृष्टिपटल पाहिलं जातं आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा, गाठ लेसरच्या टप्प्यात असतानाच सापडावी म्हणून. विल्समधल्या आणि हैदराबादमधल्या दोन्ही विभागांत आज अशा दुसऱ्या पिढीचे रुग्ण येतात.